एकतीस कॅसेटी

बापूजींना नागपूरला न्यायला थोरला मुलगा हेमंत शनिवारी दुपारी येणार होता, म्हणून सौंसरच्या घरी सुचिता सकाळीच त्यांचे कपडे बांधायला बसली. कपाटाचा खालचा कप्पा रिकामा करताना धोतरजोड्यांमागून पुठ्ठ्याचा एक खोका निघाला. आत सासऱ्यांच्या जुन्या हँडीकॅमच्या कॅसेटी होत्या. गेल्या पावसाळ्यात ही भिंत गळली होती. पाणी खोक्यात उतरून वाळलं होतं आणि बापूजींच्या सुबक अक्षरातल्या लेबलांवर नुसते निळे डाग उरले होते. तिनं मोजल्या, एकतीस भरल्या.

पुंडलिकराव खवसे, बोरगावच्या शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक, पलंगावर उशीला टेकून तिच्याकडे बघत होते. आठ महिन्यांपूर्वी, वैशाखात, त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय ओढत चालण्यापुरता राहिला आणि शब्द सगळे गेले. एकच उरला, ‘बरं’. जेवता का विचारलं की बरं, दुखतं का विचारलं की बरं. पाणी आधीच पाजलेलं असलं आणि कुणी चुकून पुन्हा विचारलं तरी बरं. त्यांना आता काही समजत नाही, हे घरात हळूहळू सगळ्यांनी मनाशी धरलं होतं.

“बापूजी, ह्या आता कोन पायते,” सुचिता म्हणाली, “फेकून देते.”

“बरं,” बापूजी म्हणाले आणि डाव्या हातानं त्यांनी खोक्याचा काठ धरला.

तिनं खोका सोडवून घेतला. त्यांनी पुन्हा धरला, आतली एक कॅसेट काढून पलंगावर ठेवली आणि तिच्यावर पंजा पालथा दाबला. सुचिता थांबली. म्हणजे फेकायच्या नाहीत का, तिनं विचारलं. “बरं,” पंजा तसाच. मग फेकायच्या का? “बरं,” आणि या वेळी त्यांनी हात उताणा केला.

ती पलंगाच्या कडेवर बसली. आज मंगळवार हाय का, तिनं विचारलं. बरं, हात उताणा. शनिवार? बरं, हात पालथा. माझं नाव पूनम हाय का? हात उताणा झाला आणि शाळेत एखाद्या ढ पोराकडे बघावं तसं बापूजींनी तिच्याकडे पाहिलं.

तोंड काहीही विचारलं तरी ‘बरं’च म्हणत होतं, पण हात खरं बोलत होता. आठ महिने या माणसाचं तोंडच सगळ्यांनी ऐकलं होतं.

मग तिला आठवलं. तीन आठवड्यांपूर्वी याच खोलीत, समोरच्या खुर्चीवर बसून तिनं हेमंतला फोन केला होता. माझ्यानं होऊन नाई राहिलं भाऊजी, तुम्ही घेऊन जा त्यायले, असं ती रडत म्हणाली होती. नवऱ्याला, प्रफुल्लला, हे सांगू नका, असंही म्हणाली होती. बापूजी तेव्हा भिंतीकडे तोंड करून पडलेले होते.

दुपारी एकला हेमंत आणि त्याची बायको जयश्री पोचले, तोवर पांढुर्ण्याहून नणंद पूनम येऊन बसलीच होती. थोरल्या भावाला तिनं पाणीसुद्धा विचारलं नाही. बापूजींना सौंसरातून हलवायचं नाही, एवढंच ती पुन्हापुन्हा म्हणत होती. नागपूरच्या चौथ्या मजल्यावर त्यांना ओळखणारं कोण? इथं दारावरून जाणारा दर दुसरा माणूस त्यांचा विद्यार्थी. हेमंतनं विचारलं, मग तू नेतेस का पांढुर्ण्याला? पूनमच्या घरी सासू अंथरुणाला खिळून होती आणि हे त्याला माहीत होतं. धाकट्या प्रफुल्लला मनातून थोरल्या भावाचं पटत होतं. बायकोच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं तो रोज बघत होता. पण बाप नेला जातोय आणि आपण हुश्श करतोय, याची लाजही त्याला वाटत होती.

सुचितानं पाण्याचे पेले ठेवले आणि सकाळचं सगळं सांगितलं.

हेमंतला ते लागलं. तीन आठवडे त्यानं तयारी केली होती. न्हाणीघरात धरायला दांडे बसवले होते, खोलीचा उंबरा काढून टाकला होता, रामाकोन्याचा वामन नावाचा एक माणूस देखभालीला ठरवला होता. नोकरीपायी पंचवीस वर्षं बापापासून लांब राहिल्याची भरपाई आता करायला मिळणार, असं त्याला वाटत होतं. व्हिडिओ कॉलवर त्यानं स्वतः विचारलं होतं, बापूजी, येता न आमच्याकडे? बापूजी ‘बरं’ म्हणाले होते. त्या दिवशी त्यानं ऑफिसात पेढे वाटले होते. आणि आता जिनं रडत बोलावलं तीच आडवी येत होती. ते त्याच्या ओठांवर आलं, पण शब्द दिला होता म्हणून त्यानं गिळलं. डॉक्टरांनी सांगितलंय की समजण्यावरही परिणाम असतो, हात असा-तसा आपोआप होत असेल, एवढंच तो म्हणाला.

जयश्री इतका वेळ खोक्यातल्या कॅसेटी उलटसुलट करून बघत होती. सव्वीस वर्षं ती नागपूरच्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल होती आणि लेबल नसलेली वस्तू दिसली की तिचा जीव कासावीस होई.

“भांडता कशाला?” ती म्हणाली. “तपासून पाहू. ह्या एकतीस कॅसेटींची मी यादी करते. कोणतं साल, कुठलं, कोणाचं, ते बापूजी सांगतील. खरं निघालं तर ते बोलून राहिले. खोटं निघालं तर संध्याकाळी निघू.”

नवऱ्याला वाटलं, ती आपल्या बाजूची आहे. नणंदेलाही तसंच वाटलं. जयश्री मात्र त्या क्षणी कोणाच्याच बाजूची नव्हती. तिला उत्तर हवं होतं.

प्रफुल्लनं माळ्यावरून हँडीकॅम काढला, पुसला, वायरींनी टीव्हीला जोडला. दोन-तीनदा खरखर झाली आणि चित्र आलं. जुन्या कॅमेऱ्यानं प्रत्येक चित्राच्या उजव्या कोपऱ्यात तारीख उमटवलेली होती. जयश्रीनं कॅलेंडरच्या पानाची पट्टी कापून त्या कोपऱ्यावर चिकटवली. बापूजींना खुर्चीत बसवून पुढ्यात पाट ठेवला. सुचितानं त्यांच्या मागे बसायचं, म्हणजे तिचा चेहरा त्यांना दिसणार नाही, ही हेमंतची अट होती. पूनमला गप्प बसणं जमलं नसतं म्हणून तिला स्वयंपाकघरात धाडलं. जयश्रीनं प्रफुल्लच्या दुकानाची एक कोरी वही घेतली आणि रकाने आखले: क्रमांक, साल, ठिकाण, प्रसंग, माणसं, अवस्था.

पहिली कॅसेट लागली. संत्र्याच्या बागेत मजूर बायका बसून जेवत होत्या. जयश्री एकेक साल म्हणत गेली. ब्याण्णव, त्र्याण्णव, चौऱ्याण्णव. चौऱ्याण्णवला पंजा पाटावर पालथा पडला. जयश्रीनं पट्टी उचलली. फेब्रुवारी चौऱ्याण्णव. हेमंत म्हणाला, योगायोग. दुसरी पंच्याण्णव म्हणाले, पंच्याण्णव निघाली. तिसरीत त्यांच्याच शाळेतला कसलातरी सत्कार होता, हार आणि शाली आणि एक लांबलचक भाषण. त्यांनी साल बरोबर सांगितलं आणि मग न विचारताच हात उताणा केला.

जयश्रीला आधी कळेना. साल चुकलं का? हात पालथा नाही, उताणाही नाही, नुसता हवेत झटकला. मग तिच्या ध्यानात आलं. ही ठेवायची नाही का, तिनं विचारलं. पंजा धाडकन पालथा पडला. तिनं वहीत सातवा रकाना आखला, ‘अभिप्राय’, आणि लिहिलं: सत्कार, पाहुण्यांचं भाषण बावीस मिनिटं, संग्राहकाच्या मते ठेवण्यासारखं काही नाही. तिनं ते मोठ्यानं वाचलं तेव्हा प्रफुल्लला हसू फुटलं. कितीतरी दिवसांनी तो या खोलीत हसत होता.

त्यानंतर घरातला रंगच पालटला. बापूजी परीक्षकासारखे बसले. पेन्शनरांच्या सहलीची कॅसेट त्यांनी अर्ध्या मिनिटात बाद केली. कपाशीच्या वेचणीची ठेवली. हेमंतच्या लग्नाची लागली तेव्हा जयश्रीनं आपलं एकोणतीस-तिसाव्या वर्षाचं बावरलेलं तोंड पडद्यावर पाहिलं आणि क्षणभर लिहायचं विसरली. हळद आणि वरात बापूजींनी ठेवली, पंगतीला मात्र हात उताणा केला. तिनं प्रामाणिकपणे नोंद केली की अर्धी ठेवावी.

नवव्या कॅसेटीत जामसांवलीचं देऊळ आलं. हनुमानाच्या दर्शनाची रांग, नारळाच्या करवंट्या आणि गर्दीतून कॅमेऱ्याकडे येणारी आई. तिला जाऊन अकरा वर्षं झाली होती. कोणीच तिचा आवाज इतक्या दिवसांत ऐकला नव्हता.

“त्या यंत्रात डोया घालून काय पायता,” आई कॅमेऱ्याला म्हणाली, “बंद करा अन् परसाद घ्या.”

“बरं,” कॅमेऱ्यामागून बापूजींचा तेव्हाचा खणखणीत आवाज आला. आणि चित्र पुढे पाच मिनिटं चालूच राहिलं.

स्वयंपाकघराच्या दारातून पूनम पदरानं डोळे पुसत म्हणाली, आईले बी ते जन्मभर बरंच म्हनत आले अन् आपल्या मनाचंच करत आले. हेमंतनं तिला हटकलं नाही. जयश्रीनं या कॅसेटीला अभिप्राय विचारला नाही. ठेवायची, असं तिनं लाल शाईनं लिहिलं.

तेरापर्यंत एकही साल चुकलं नव्हतं. चौदावीत अंगणात कोणीतरी रांगोळी काढत होतं, शेजारी संत्र्यांच्या पेट्या रचलेल्या होत्या. बापूजींनी अठ्ठ्याण्णवला पंजा पाडला. जयश्रीनं पट्टी उचलली. कोपऱ्यात नोव्हेंबर सत्त्याण्णव असं लिहिलेलं होतं.

“पाह्यलं?” हेमंत म्हणाला. त्याच्या आवाजात आनंद नव्हता. आतापावेतो त्यालाही ते तेरा बरोबर हवेसे वाटू लागले होते. पण बाप अंदाजानं हात टेकवतो आणि आपण चमत्कार समजतो, ही भीती त्याला परत आली. तो उठून कॅसेट काढायला गेला.

बापूजींनी पाटावर पंजा आपटला. “बरं,” ते म्हणाले. पुन्हा आपटला. हेमंतनं हात मागे घेतला. जयश्रीनं परत विचारलं, सत्त्याण्णव? उताणा. अठ्ठ्याण्णव? असा आपटला की पाट सरकला. त्यांचं कपाळ घामानं भिजलं होतं. हेमंत म्हणाला, त्यांना त्रास देऊ नका, पुरे.

“चालू द्या भाऊजी,” मागून सुचिता म्हणाली. “ते थांबा म्हनून राहिले. पुढं काय हाय ते पाहू द्या.”

कॅसेट चालू राहिली. रांगोळी संपली. बायका आत गेल्या, कॅमेरा त्यांच्यामागे आत आला. पाळणा टांगलेला होता. पाळण्याशेजारी हिरव्या लुगड्यात नुकती बाळंतीण झालेली पूनम बसली होती.

“अमृताचं बारसं,” स्वयंपाकघरातून धावत आलेली पूनम म्हणाली. मग तिनं कोपऱ्यातली तारीख वाचली. “सत्त्याण्णव? दादा, सत्त्याण्णवच्या मे महिन्यात माझं लगन झालं. नोव्हेंबरात बारसं असतं तर माझ्या सासरच्यानं मले उभं केलं असतं का? अमृता अठ्ठ्याण्णवची होय.”

सगळे हेमंतकडे बघू लागले, कारण तो भिंतीला टेकून खाली बसला होता. आठवलं होतं त्याला. त्या दिवाळीत कॅमेऱ्यातल्या घड्याळाचा सेल संपला होता. नोकरी लागलेला नवा इंजिनिअर म्हणून त्यानं मोठ्या ऐटीत नवा सेल घातला होता आणि तारीखही त्यानंच लावली होती. वर्ष एकानं चुकलं होतं. पुढे बापूजींनी कधीतरी गुपचूप सुधारलं असणार.

“यंत्र खोटं बोललं,” तो म्हणाला. “बापूजी बरोबर होते.”

पूनम आधी हसली. मग प्रफुल्ल, मग जयश्री. शेवटी हेमंतलाही हसू आवरेना, डोळ्यांत पाणी येईतो तो हसला. बापूजींच्या ओठाची डावी बाजू वर गेली होती. जयश्रीनं वहीत लिहिलं: कॅमेऱ्यावरची तारीख चुकीची, संग्राहकाची ग्राह्य धरावी.

हसणं ओसरल्यावर हेमंत पाटापाशी सरकला. बापूजींच्या तोंडाकडे न बघता त्यांच्या हाताकडे बघत त्यानं विचारलं, “बापूजी, नागपूरले याचं हाय?”

“बरं.” हात उताणा.

“इथंच राहायचं?”

हात पालथा.

हेमंतनं मान हलवली. हरल्याचं त्याला फारसं वाटलं नाही, पण रिकामं मात्र वाटलं, आणि त्या रिकामेपणात तोंडून निघून गेलं, “मंग मले बोलावलं कायले? सुचितानंच तर...” तो थांबला, पण उशीर झाला होता.

प्रफुल्लनं बायकोकडे पाहिलं. सुचिता बापूजींच्या मागून उठून पुढे आली. तिनं काही लपवलं नाही. फोन मीच केला, ती म्हणाली. आठ महिन्यांत एक रात्र मी सलग झोपली नाई. माहेर वीस मिनिटांवर, रामाकोन्याला, पण आईचं तोंड मी दिवाळीपासून पाहिलं नाही. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही दुकान सोडून घरी बसले असते, म्हणून नाही सांगितलं.

पूनमनं तोंड उघडलं. जयश्रीनं वही मिटली आणि तिला विचारलं, आठ महिन्यांत आपल्यापैकी कोणी एक दिवस तरी बापूजींना आंघोळ घातली का? तू नाही, मी नाही, यांनीही नाही. मग पूनमच म्हणाली, वहिनी खरं बोलून राहिली.

सुचिता सासऱ्यांपुढे बसली. “तुम्ही आयकलं होतं न मी फोनवर बोलली ते?”

हात पालथा.

“मनात राग हाय?”

बापूजींनी हात उताणा केला आणि तसाच उताणा ठेवून दाराकडे नेला. दाराशी त्यांच्याच कपड्यांची भरलेली बॅग होती. त्यांनी आधी बॅगेकडे बोट दाखवलं, मग सुचिताकडे. “बरं,” ते म्हणाले. कुणाला कळलं नाही. त्यांनी पुन्हा दाखवलं, बॅग, सुचिता, बॅग. प्रफुल्लला सगळ्यांत आधी उमगलं. आठ महिने त्यानं बायकोचे डोळे बघितले होते आणि काही केलं नव्हतं. मुक्या बापानं भिंतीकडे तोंड करून ऐकलं आणि पहिली संधी मिळताच सांगितलं. त्यानं विचारलं, “हिनं माहेरी जावं म्हनता?”

पंजा पालथा पडला आणि बराच वेळ तिथंच राहिला.

मग सगळं भराभर ठरलं. वामन नागपूरऐवजी सौंसरला येईल, त्याला तर रामाकोन्याहून सौंसरच जवळ. हेमंत दर दुसऱ्या शनिवारी येईल आणि महिन्यातून एकदा बापूजींना बोलायला शिकवणाऱ्या बाईंकडे नेईल. सासूपाशी कोणाला तरी बसवून महिन्यातले चार दिवस मी येईन, असं पूनमनं आपण होऊन सांगितलं. न्हाणीघरातले दांडे इथंही बसवू, हेमंत म्हणाला आणि प्रफुल्लला घेऊन लगेच भिंतीची मापं घ्यायला गेला. जयश्रीनं बॅगेतले बापूजींचे सदरे काढून घडी न मोडता कपाटात ठेवले आणि जावेच्या चार साड्या त्याच बॅगेत भरल्या. आठ दिवस तिकडून हलायचं नाही, तिनं बजावलं.

रविवारी सकाळी उरलेल्या सतरा कॅसेटी झाल्या. एकोणीस ठेवायच्या, अकरा टाकायच्या, एक अर्धी ठेवायची. टाकायच्या अकरांपैकी दोन पूनमनं चोरून आपल्या पर्समध्ये घातल्या. बापूजींनी ते पाहिलं आणि बघून न बघितल्यासारखं केलं. सालं सगळी बरोबर निघाली. हेमंतनं लावलेल्या तारखेची आणखी एक कॅसेट सापडली, तिथंही यंत्रच चुकलं होतं. शेजारच्या दोन घरांतली माणसं दारात येऊन उभी राहिली होती आणि गुरुजी परीक्षा घेऊन राहिले, असं एकमेकांना सांगत होती.

सुचिता बॅग घेऊन निघायच्या बेतात होती. जयश्रीनं वहीच्या पहिल्या पानावर शीर्षक घातलं, खाली ‘संग्राहक’ लिहिलं आणि पुढे नाव लिहिणार, एवढ्यात बापूजींनी डावा हात पुढे केला. तिनं पेन दिलं. हेमंतनं वही पाटावर सरळ धरली.

डाव्या हातानं त्यांनी जन्मात कधी लिहिलं नव्हतं, आणि झटका आल्यापासून कुठल्याच हातानं नाही. पहिलं अक्षर यायला बराच वेळ लागला. कोणी घाई केली नाही. ‘पुंडलिक’ एवढं झाल्यावर ते थांबले, मान तिरपी करून त्यांनी ती अक्षरं पाहिली आणि चाळीस वर्षं पोरांच्या वह्यांवर मारली तशी एक आडवी रेघ त्यांच्यावर मारली. सुचिता दारातून परत आत आली.

खालच्या ओळीवर त्यांनी पुन्हा सुरुवात केली. या वेळी पूर्ण नाव आलं, पुंडलिकराव खवसे, वाचता येण्यासारखं. शिरोरेषा तेवढी उताराला लागली होती. पेन परत मागायला जयश्रीनं हात पुढे केला, पण त्यांनी दिलं नाही. पेनाचं टोक पहिल्या अक्षराच्या डोक्यावर ठेवून त्यांनी शिरोरेषा पुन्हा शेवटपर्यंत सरळ ओढली आणि मगच वही तिच्याकडे सरकवली.